गाडीचा एसी पुन्हा पुन्हा गरम हवा फेकतोय? घरी गॅस भरण्याआधी हे तपासा

गॅस भरला की एसी मस्त गार. काही महिने जातात, ऊन तापायला लागतं आणि एका दुपारी लक्षात येतं की ब्लोअर शेवटच्या आकड्यावर आहे, तरी घाम पुसावा लागतोय. पुन्हा गॅस, पुन्हा गारवा, पुन्हा तेच. मी हा फेरा तीनदा केला. पहिल्या वेळचा गॅस आठ महिने टिकला, दुसऱ्या वेळचा चार महिने, तिसऱ्या वेळचा जेमतेम पाच आठवडे. मुदत अशी आखडत जाते तेव्हा गळती वाढत चाललेली असते. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच तो गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, तिथल्या हवेची उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी होजमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी गारवा किंचित उतरला तर त्यात नवल नाही. पण वर्षाच्या आत गॅस कमी पडत असेल तर कुठेतरी वाट फुटलेली आहे. ‘दर वर्षी गॅस भरावाच लागतो’ हे वाक्य कितीही वेळा कानावर पडलं तरी मानू नका.

गॅसच कमी आहे हे कशावरून?

गार हवा येत नाही म्हणजे गॅस संपला, असं आपण धरूनच चालतो. बऱ्याचदा कारण दुसरंच निघतं, आणि त्या गाडीत गॅस भरला तर नवं दुखणं तयार होतं. म्हणून घरी भरायचा गॅसचा तयार कॅन हातात घेण्याआधी पाच-दहा मिनिटं नुसतं बघा, ऐका आणि हात लावून पाहा.

हवा गार आहे पण झोतच कमी आहे? केबिन फिल्टर काढून बघा, धुळीने गच्च भरलेला असेल. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम? तिथे संशय पुढच्या पंख्यावर. एसी चालू केल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरायलाच हवा, आणि कंडेन्सरच्या पात्यांमध्ये माती-किडे अडकलेले नसावेत. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसऱ्या बाजूने गरम येत असेल तर डॅशबोर्डच्या आतली झडप फिरवणारी छोटी मोटर अडकलेली असू शकते, मात्र काही गाड्यांत गॅस कमी झाल्यावरही असंच होतं. सुरुवातीला छान गार आणि अर्ध्या तासाने झोतच बंद, मग एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत सुरू, असं होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय.

आता कॉम्प्रेसर. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये एसीचं बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती फिरू लागते. हा क्लच दर काही सेकंदांनी लागतोय-सुटतोय, लागतोय-सुटतोय असं दिसलं तर गॅस कमी असण्याची शक्यता खरोखर मोठी. कमी गॅसमुळे कॉम्प्रेसरच्या आत येणाऱ्या बाजूचा दाब पटकन खाली जातो, दाबाचा स्विच कॉम्प्रेसर तोडतो, दाब पुन्हा चढतो, स्विच जोडतो. क्लच अजिबातच लागत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. गॅस खूपच कमी असला तरी स्विच क्लच लागू देत नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर आतल्या आत आपली क्षमता कमी-जास्त करतो. तिथे ‘टक्’ ऐकू आलं नाही म्हणून घाबरू नका.

हाताने एक परीक्षा होते. एसी दहा मिनिटं चालू द्या आणि बॉनेट उघडून जाड पाइपला, म्हणजे कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपला हात लावा. तो गार हवा, हवेत दमटपणा असेल तर त्यावर पाण्याचे थेंबही हवेत. पातळ पाइपला हात लावताना जपून, कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारा भाग चटका देतो. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही, ओढणी, केस लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

गेजचा हिरवा पट्टा

तयार कॅनबरोबर एक छोटा गेज येतो. त्यावर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात आणि काटा हिरव्यात आला की झालं, असं वाटतं. मी दोन वेळा याच भरवशावर गॅस भरला. हा काटा नेमकं काय सांगतो ते समजून घेतल्याशिवाय घरी गॅस भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

एसी बंद असताना आतला दाब हा गॅस किती आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीचंच घ्या. टाकी भरलेली असो की पाव उरलेली, आत थोडा जरी द्रव गॅस आहे तोवर दाब तोच राहतो. किती उरलाय हे कळतं वजनावरून. एसीतही तसंच. गाड्यांच्या एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा दाब २० अंश सेल्सिअसला साधारण ६८ पीएसआय (दाब मोजायचं एकक), ३० अंशांना साधारण ९७ आणि ४० अंशांना १३० च्या थोडा वर असतो, मग आत २०० ग्रॅम असो वा ५००. म्हणून बंद गाडीवर ९५ पीएसआय दिसले तर ‘आत थोडा तरी द्रव गॅस आहे’ एवढंच सिद्ध होतं. उलट तापमानाच्या मानाने दाब फारच कमी, म्हणजे ३० अंशांना ४० पीएसआय दिसले, तर मात्र गॅस जवळजवळ गेलाय हे नक्की.

एसी चालू असतानाचा काटाही बाहेरचं तापमान, इंजिनचे फेरे आणि ब्लोअरच्या वेगाप्रमाणे हलतो. आत येणाऱ्या बाजूला साधारण २५ ते ४५ पीएसआय ठीक मानतात, पण क्षमता बदलणारा कॉम्प्रेसर हा दाब स्वतःच सांभाळून धरतो, त्यामुळे गॅस कमी असतानाही काटा हिरव्यात दिसू शकतो. आणि कॅनचा गेज दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे जिथे दाब १५० ते २५० पीएसआय किंवा कडक उन्हात त्याहूनही वर जातो त्या बाजूबद्दल, काहीच सांगत नाही.

दोन्ही बाजू एकदम दाखवणारा मॅनिफोल्ड गेज मिळाला तर चित्र उघडतं. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही बाजू जास्त असतील तर गॅस जादा, किंवा आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरवर वारा नाही. आत येणारी बाजू जास्त आणि बाहेर जाणारी कमी असेल तर कॉम्प्रेसर दाबतच नाहीये. आत येणारी बाजू शून्याच्याही खाली खेचली जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर, म्हणजे आतली ओल शोषणारी डबी, तुंबलेली आहे. शेवटच्या दोन दुखण्यांत कितीही गॅस भरा, उपयोग शून्य.

गळती कुठे आहे?

गॅस कमी असल्याचं ठरलं की खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक लोक इथेच थांबून कॅन उघडतात. मीही तेच केलं होतं.

गॅसबरोबर सिस्टममध्ये तेल फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, ओशट डाग पडतो. म्हणून पहिलं हत्यार म्हणजे टॉर्च आणि स्वतःचे डोळे. पाइपांचे जोड, रबरी होज जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपला दाबून बसवलेला असतो ती जागा, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग, कंडेन्सरचा खालचा काठ, हे सगळं सावकाश बघा. कॉम्प्रेसरच्या पुलीभोवती बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे बारीक शिंतोडे दिसले तर शाफ्टचं सील गेलंय.

सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडांच्या, टोप्या काढून आत साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. आत टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच पिन असते, आणि प्रत्येक वेळी गेज लावताना ती दाबली जाते. वारंवार गॅस भरलेल्या गाडीत ही पिनच गळत असल्याचं कितीदा तरी आढळतं. बुडबुडा फुगला तर दुरुस्ती स्वस्त आणि सोपी आहे, पण पिन बदलण्यासाठी गॅस आधी मशीनने काढून घ्यावा लागतो. टोपीच्या आत रबराची चकती असते, तीही सील करते. टोपी हरवलेली असेल तर नवी घ्याच.

मोठी गळती साबणाला सापडते. वर्षभरात हळूहळू रिकामी करणारी गळती साबणाला सापडत नाही. तिच्यासाठी तेलात मिसळणारा चमकणारा रंग घालतात. काही दिवस एसी रोज चालवायचा, मग अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन शोधायचं. गळतीच्या जागी हिरवट-पिवळी चमक दिसते. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे दडलेली असल्याने ती दिसत नाही, पण गाडीखाली जिथून एसीचं पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी टॉर्च धरा. तिथे चमक असेल तर कॉइल गेली. नाकासारखं काम करणारं इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी ते एसीच्या जाळीत धरून पाहा.

माझ्या गाडीत चमक कंडेन्सरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात निघाली. तिथे बंपरच्या आत चिखल साचून राहायचा आणि ओल धरून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. ओशट डाग पहिल्या वर्षापासून तिथे असणार, कारण त्यावरच्या धुळीचे थर नखाने खरवडावे लागले. ज्या गॅरेजात पहिल्यांदा गाडी नेली तिथेही आणि नंतर मीही बंपरची खालची जाळी काढून बघण्याचे कष्ट घेतले नव्हते. त्या तीन वेळच्या गॅसच्या खर्चात नवा कंडेन्सर आला असता, आणि कॉम्प्रेसरची घरघरही सुरू झाली नसती. गॅसबरोबर तेलही जात राहिलं, ते भरून काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गळती सापडल्यावर ‘लीक बंद करणारं’ औषध असलेला कॅन घेण्याचा मोह होतो. तो आवरा. ते द्रव्य हवा आणि ओल लागली की घट्ट होतं. गळतीवर घट्ट झालं तर ठीक, पण एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅरेजच्या गॅस काढणाऱ्या मशीनमध्ये घट्ट झालं तर मोठं नुकसान. हे औषध घातलेली गाडी अनेक कारागीर मशीनला जोडूच देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

घरी काय करावं आणि काय करू नये

बॉनेटच्या आत एक लेबल असतं. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, बहुधा तेलाचा प्रकारही असतो. हे लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आर-१३४ए आणि आर-१२३४वायएफ हे वेगळे गॅस आहेत, त्यांचे पोर्टही वेगळे. जोड बसत नाही म्हणून अडॅप्टर शोधू नका, तो मुद्दामच वेगळा ठेवलेला आहे. आर-१२३४वायएफ हलकासा ज्वलनशील आहे. प्रोपेन-ब्यूटेन मिसळलेले ‘पर्यायी’ गॅस त्याहून कितीतरी जास्त पेट घेणारे, आणि कूलिंग कॉइल गळली तर ते थेट तुमच्या केबिनमध्ये येतात. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, बॉनेटखाली केशरी केबल दिसत असतील, तर घरी हातच लावू नका. तिथला कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याला वीज न वाहून नेणारं वेगळं तेल लागतं. साध्या कॅनमधलं तेल त्याचं इन्सुलेशन खराब करतं.

बंद गाडीत दाब शून्य असेल तर घरी गॅस भरू नका. आत हवा आणि ओल शिरलेली आहे. ओलीचं एक्सपान्शन व्हॉल्व्हवर बर्फ होतं, आणि गॅस-तेलाशी मिळून ती आम्ल तयार करते, जे धातूला आतून खातं. अशा वेळी गळती दुरुस्त करायची, ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि मगच गॅस. व्हॅक्यूम हे फक्त हवा काढण्यासाठी नसतं. पाऱ्याच्या २९ इंचांपर्यंत खेचलं की आतलं पाणी साधारण २५ अंशांनाच उकळून वाफ होऊन निघतं. म्हणून अर्धा-पाऊण तास तरी द्यावा, घाई करू नये, आणि थंडीच्या दिवसांत तर त्याहून जास्त वेळ द्यावा. व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असंही समजू नका. व्हॅक्यूममध्ये एकाच वातावरणाचा दाब बाहेरून आत लागतो, तर एसी चालताना दहा-पंधरा पट दाब आतून बाहेर लागतो. खात्री हवी असेल तर कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन बघणारा कारागीर शोधा. साधी कॉम्प्रेसरची हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही.

मग घरी करण्यासारखं उरतं ते इतकंच: गॅस थोडा कमी आहे, आत दाब आहे, गाडी बरीच वर्षं जुनी आहे आणि मोठी गळती दिसत नाही, अशा वेळचं थोडं टॉपअप. तेही वजनाने. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, कॅन त्यावर ठेवा आणि किती गेला ते बघत भरा.

हातमोजे आणि चष्मा घाला. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर बुबुळ गोठतं. काम मोकळ्या हवेत करा, जवळ ज्योत किंवा सिगारेट नको, कारण जळताना त्यातून विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. कॅनचा नळा जाड पाइपवरच्या ‘एल’ लिहिलेल्या पोर्टलाच लावा. आर-१३४एचे दोन पोर्ट मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे असतात, पण जुगाड करून कॅन ‘एच’ला, म्हणजे जास्त दाबाच्या पोर्टला, जोडला तर वाहनाचा दाब कॅनमध्ये शिरून तो फुटू शकतो. कॅन उघडण्याआधी नळ्यातली हवा किंचित गॅसने बाहेर ढकला, नाहीतर तीच हवा आत जाते.

इंजिन चालू, एसी सगळ्यात गार, ब्लोअर पूर्ण वेगात, दारं उघडी. कॅन उभा धरा म्हणजे वाफ जाईल. उलटा धरला तर द्रव जातो आणि द्रव काही कॉम्प्रेसरमध्ये दाबला जात नाही, त्याचे भाग तुटतात. कॅन गार पडून गॅस येईनासा झाला तर कोमट पाण्यात ठेवा, ५० अंशांच्या वर नाही. शेगडी किंवा हेअर ड्रायर तर नकोच. ३०-३० ग्रॅम भरा, पाच मिनिटं थांबा, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवून बघा. ते उतरायचं थांबलं की तुम्हीही थांबा. बाहेर तीस-पस्तीस अंश असताना जाळीत पाच ते दहा अंश मिळाले तर एसी चांगला आहे, दमट हवेत थोडे जास्त दिसतील.

‘अजून थोडा घालतो, अजून गार होईल’ असं मुळीच करू नका. जादा गॅस कंडेन्सरच्या तळाशी द्रवरूपात साचतो, उष्णता सोडायला जागा कमी उरते, दाब चढतो आणि हवा उलट गरम व्हायला लागते. तेव्हा माणूस समजतो अजून गॅस कमी आहे आणि आणखी भरतो. छोट्या गाडीची पूर्ण क्षमताच साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असते, त्यामुळे अर्धा कॅन जादा जाणं ही मोठी गोष्ट आहे. जास्त झालाय असं वाटलं तर पिन दाबून हवेत सोडू नका. आर-१३४ए कार्बन डाय ऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, आणि अनेक देशांत तो सोडणं गुन्हा आहे. मशीन असलेल्या ठिकाणी काढून घ्या.

क्लच लागत नाही म्हणून दाबाच्या स्विचला वायरचा तुकडा लावून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवायची युक्ती तुम्हाला सांगितली जाईल. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच परत येतं. गॅस नसेल तर तो कोरडा फिरतो आणि आतून झिजलेला धातूचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो. मग फक्त कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळं बदलावं किंवा धुवावं लागतं.

दुरुस्तीनंतर

माझ्या गाडीत नवा कंडेन्सर, नवा ड्रायर आणि उघडलेल्या प्रत्येक जोडाच्या नव्या ओ-रिंग (सील करणाऱ्या रबरी कड्या) बसल्या, तेल लावून. जुनी ओ-रिंग ‘चांगली दिसतेय’ म्हणून परत बसवू देऊ नका. कंडेन्सरबरोबर गेलेलं तेल मोजून भरलं, पाऊण तास व्हॅक्यूम, अर्धा तास थांबून काटा पाहिला आणि लेबलवरचे ४८० ग्रॅम वजन करून घातले. मी समोर उभा राहून मशीनवरचा आकडा बघितला, तुम्हीही बघा. ‘बसेल तेवढा घातला’ असं उत्तर मिळालं तर काम पुन्हा करायला सांगा.

त्याच दिवशी बाहेरचं तापमान आणि जाळीतलं तापमान एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटखालच्या लेबलशेजारी चिकटवा. महिन्याने साधारण तशाच उन्हात पुन्हा मोजा. दोन-तीन अंशांचा फरक हवेतल्या दमटपणामुळे पडतो. सहा-सात अंशांनी चढलं असेल, तर रंग अजून तेलात आहेच, रात्री टॉर्च घेऊन जोडांपासून सुरुवात करा. मी दुरुस्तीनंतरच्या महिन्यात तसं केलं. कंडेन्सरचा कोपरा कोरडा होता, पण ‘एल’ पोर्टच्या टोपीखाली हिरवा ठिपका दिसला. तिथली पिन बदलून घेतली, वजन पुन्हा ४८० केलं, आणि त्यानंतर दोन उन्हाळे कॅन उघडावा लागलेला नाही.